कॅबिनेटच्या फॅनला जाळी लावायची, पण किती बारीक?

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला घरच्या घरी डस्ट फिल्टर कसा लावायचा याचे व्हिडिओ बघितले तर बहुतेकांत एकच सल्ला असतो, कापड जितकं बारीक विणीचं तितकं चांगलं. कोणी नायलॉनचा स्टॉकिंग दुपदरी ताणून लावतो, कोणी मास्क कापून त्याचं कापड चिकटवतो, एकाने तर एअर प्युरिफायरमधला हेपा फिल्टर (अतिबारीक कण अडवणारा दाट तंतूंचा फिल्टर) काढून थेट फॅनवर बसवलेला बघितला. यामागचा समज असा, की फिल्टर म्हणजे चाळणी. भोक कणापेक्षा लहान असेल तर कण अडकणार, मोठं असेल तर निसटणार. वाळू चाळताना हे बरोबर आहे, हवेतल्या धुळीला मात्र फारसं लागू पडत नाही, आणि का पडत नाही हा माझा अतिशय आवडता विषय असल्यामुळे कात्री-टेपकडे यायला थोडा वेळ लागेल.

आधी धूळ. त्यात कपडे-चादरींचे तंतू, केस, मातीचे कण, परागकण, कातडीचे पापुद्रे, धूर असं सगळं मिसळलेलं असतं आणि प्रत्येक घरात प्रमाण वेगळं. आकारांत केवढा फरक आहे बघा, तंतू चक्क मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांब, केसाची जाडी ५० ते १०० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मातीचे बारीक कण आणि परागकण १० मायक्रॉनच्या वर कुठेतरी, आणि धुराचे कण बहुतेक १ मायक्रॉनच्याही खाली. १२० मिमीचा साधा फॅन मोकळ्या हवेत सेकंदाला साधारण २० लिटर हवा ओढतो, तासाचा हिशोब केला तर ७० घनमीटर, म्हणजे लहान बेडरूममधली सगळी हवा दोनदा तरी कॅबिनेटमधून फिरून येते! आणि पात्यांपाशी हवेचा वेग सेकंदाला २ मीटरच्या आसपास असतो. हा आकडा लक्षात ठेवा.

आता जाळीच्या एका दोऱ्याकडे बघू. हवा दोऱ्यापाशी येते आणि त्याला वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढे जाते. हवेबरोबर आलेल्या कणालाही वळायचं असतं, पण त्याला जडत्व असतं (शाळेतलंच, न्यूटनचा पहिला नियम), त्यामुळे तो थोडा सरळ जातो. किती सरळ? याचा हिशोब करता येतो. सेकंदाला २ मीटर वेगाने जाणारा, पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सोडला तर साधारण ०.६ मिलिमीटर जाऊन थांबतो. तोच १ मायक्रॉनचा असेल तर फक्त ७ मायक्रॉन. स्टॉकिंगचा दोरा असतो काही दहा मायक्रॉन जाडीचा. म्हणजे मोठा कण दोऱ्याच्या दिशेने आला तर त्याला वळायला जागाच नाही, तो धाडकन आपटणार, आणि छोटा कण हवेबरोबर अलगद वळून निघून जाणार, भोक लहान असो की मोठं.

ही झाली आपटून अडकण्याची रीत. दुसरी रीत म्हणजे कण हवेबरोबर नीट वळला, पण वळताना त्याची कड दोऱ्याला घासली आणि तो चिकटला. लांब तंतू प्रामुख्याने असेच अडकतात, त्यांचं एक टोक इकडे आणि दुसरं तिकडे, कुठे ना कुठे गुंततातच. तिसरी रीत सगळ्यात भारी आहे. ०.१ मायक्रॉनसारखे अतिबारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खाऊन वेडेवाकडे भटकत असतात, रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली जी थरथर बघितली आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये जिचं गणित मांडलं तीच ही ब्राउनियन गती. असा कण सेकंदाभरात ३५-४० मायक्रॉन इकडेतिकडे सरकतो, त्यामुळे दाट तंतूंच्या जंगलातून हळूहळू जाताना कधीतरी एखाद्या तंतूला धडकतोच. मोठे कण जडत्वाने सापडतात, अतिबारीक भटकण्याने सापडतात, आणि मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे, दोन्हीतून सुटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धुराच्या फिल्टरवर काम करताना नोबेल विजेत्या अर्व्हिंग लँगम्युअरने असाच सर्वात निसटता आकार असतो हे मांडलं होतं, आणि हेपा फिल्टरच्या परीक्षेत ९९.९७ टक्के हा आकडा ०.३ मायक्रॉनच्याच कणांसाठी देतात ते यामुळेच. लोकांना वाटतं ०.३ पेक्षा लहान कण त्यातून जात असतील, उलट ते जास्त चांगले अडकतात.

मग हेपाच का लावू नये? कारण भटकण्याची रीत चालायला कणाला वेळ हवा. हेपामध्ये हवा सेकंदाला काही सेंटिमीटर अशी रांगत जाते आणि तरीही पलीकडे ढकलायला साधारण २५ मिलिमीटर उंच पाण्याच्या थराइतका दाब लागतो. कॅबिनेटच्या फॅनचा दाब किती? चांगल्या फॅनचा १ ते ३ मिलिमीटर, तोही हवा पूर्ण अडवलेली असताना. (वातावरणाचा दाब याच मापात १०,००० मिलिमीटरच्या आसपास आहे म्हणजे फॅनचा जोर किती किरकोळ ते कळेल.) हेपासमोर तो बिचारा नुसताच गरगरतो, आवाज येतो, आतली हवा जवळजवळ जागची हलत नाही आणि ग्राफिक्स कार्ड तापतं. दुपदरी स्टॉकिंगचंही कमी-जास्त प्रमाणात हेच, सुरुवातीला चालतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत गच्च होतो.

आणि मुख्य म्हणजे एवढं बारीक पकडायची गरजच नाहीये. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा, धातूच्या पातळ पत्र्यांचा भाग) उघडून बघा, धूळ पत्र्यांच्या आत सगळीकडे सारखी बसलेली नसते, फॅन आणि पत्र्यांच्या मध्ये करड्या रंगाची गादी तयार झालेली असते, चिमटीत धरून सोलली तर अखंड तुकडा निघतो. ती गादी उभी राहते लांब तंतूंमुळे. दोन पत्र्यांमध्ये जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट, तंतू तिच्यावर आडवा पडतो, त्यावर दुसरा, आणि मग त्या जाळ्यात बारीक धूळ अडकायला लागते. जो धुराचा कण आपल्या जाळीला चकवून आत येतो तो त्याच कारणाने पत्र्यांनाही बराचसा चकवून मागच्या फॅनमधून बाहेर पडतो. म्हणून तंतू आणि केस पकडा, अर्ध्याहून जास्त काम तिथेच झालं.

गरम वस्तू धूळ खेचून घेते असंही ठामपणे सांगितलं जातं. खरं तर गरम पृष्ठभाग बारीक कणांना हलकेच दूर ढकलतो, गरम बाजूचे रेणू जोरात धक्के देतात म्हणून. हीटसिंकवर धूळ बसते कारण तिथून सतत हवा वाहते, त्यात तापण्याचा दोष नाही.

आता बनवणं. माझं मत खिडकीच्या मच्छर जाळीपेक्षा बारीक पण स्टॉकिंगच्या एका पदरापेक्षा दाट नाही अशी नायलॉनची जाळी. हातात धरून तोंडाने फुंकर मारा, फुंकर पलीकडच्या हाताला जवळजवळ तशीच लागली पाहिजे. धातूची जाळी टाळा, कापताना सुटलेली बारीक तार मदरबोर्डवर पडली तर शॉर्ट होईल. आणि जाळी फॅनच्या तोंडावर घट्ट ताणू नका, सगळे इथेच चुकतात. पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची चौकट करून जाळी फॅनपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब आणि फॅनपेक्षा मोठी ठेवा. क्षेत्रफळ दुप्पट केलं की जाळीतून जाणाऱ्या हवेचा वेग निम्मा होतो आणि अडथळा निम्म्यावर, कधी त्याच्याही खाली येतो. कॅबिनेटचं पूर्ण पुढचं पॅनल जाळीचं करता आलं तर उत्तमच. पात्यांना खेटून जाळी असली की घरघर वाढते, तीही कमी होते. चौकटीच्या कडेला फट राहू देऊ नका, फोमची पट्टी आणि चुंबकाची पट्टी लावली की धुवायला पटकन निघते.

जाळी फक्त हवा आत घेणाऱ्या फॅनला. बाहेर टाकणाऱ्याला लावली तर धूळ आतून येऊन अडकते आणि गरम हवाही अडते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटींतून हवा बाहेर झिरपते आणि तिथून धूळ आत येत नाही. टिश्यू पेपरची बारीक पट्टी फटीजवळ धरा, आत ओढली गेली तर मागचा फॅन हळू करा. पॉवर सप्लायचा खालचा फॅन विसरू नका, जमिनीलगतची सगळी लव तोच खातो.

बाकी 'नॅनो अँटी-डस्ट' स्प्रे आणि कॅबिनेटशेजारी ठेवायचे आयोनायझर यांच्या नादी लागू नका. आयोनायझर कणांवर विद्युतभार चढवतो, मग ते कण सापडेल त्या पृष्ठभागाला चिकटतात, त्यात तुमचं कॅबिनेटही आलं. तंतूंवरच विद्युतभार चढवून कण खेचून घ्यायची युक्ती खरी आहे, एन-९५ मास्क तीवरच चालतो, पण तो भार कारखान्यात चढवलेला असतो आणि साबणाने धुतला की बराचसा जातो.

जाळी लावायच्या आधी आणि नंतर, खोलीचं तापमान सारखं असताना आणि तोच गेम अर्धा तास चालवून, प्रोसेसरचं तापमान लिहून ठेवा. दोन-तीन डिग्री वाढ चालेल, आठ-दहा वाढली तर जाळी दाट आहे. एक गंमत अशी की जाळी जुनी होत जाते तशी आधी जास्त चांगली पकडते. भिंगातून बघा, दोऱ्याच्या पुढच्या अंगाला धुळीच्या मिशा फुटलेल्या दिसतील, कणावर कण चढून बनलेल्या, आणि त्या मिशाच मग नव्या कणांना अडवतात. म्हणून रोज रोज धुवू नका, तापमान चढायला लागलं की धुवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.