डीप-स्काय (तेजोमेघ, दीर्घिका, तारकागुच्छ यांच्या) छायाचित्रांतील रंगाचे व पार्श्वभूमीचे दोष : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून कॅमेरा किंवा दुर्बीण नेल्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत ज्या तक्रारी येतात, त्या बहुतांशी सारख्याच असतात. चित्र हिरवे दिसते, एक कोपरा तपकिरी झाला आहे, मध्यभाग काळवंडला असून कडा उजळल्या आहेत, किंवा तेजोमेघाला अपेक्षित रंग येत नाही. यांपैकी फारच थोड्या तक्रारींचे मूळ कॅमेऱ्यात सापडते. म्हणून उपकरण दुरुस्तीला आणण्यापूर्वी पुढील मजकूर वाचून पडताळणी करावी, ही विनंती.

पार्श्वभूमी दोन कारणांनी बिघडते. एकतर नको असलेला उजेड चित्रात मिसळलेला असतो, नाहीतर हवा असलेला उजेड वाटेतच घटलेला असतो. शहराचा व चंद्राचा प्रकाश पहिल्या प्रकारात मोडतो आणि तो वजा करावा लागतो. दुर्बिणीच्या कडांशी होणारा काळोख आणि सेन्सरवरील धूळ दुसऱ्या प्रकारात मोडतात व त्यांची भरपाई भागाकाराने, म्हणजे फ्लॅट (एकसारख्या उजेडाचा घेतलेला संदर्भ-फोटो) लावून करावी लागते. एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यास दोष जात नाही, केवळ त्याचे रूप पालटते. म्हणून डार्क (टोपण लावून घेतलेला काळा संदर्भ-फोटो) व फ्लॅट, स्टॅकिंग (अनेक फोटो एकत्र करणे), ओबडधोबड कडा कापणे, ग्रेडियंट (पार्श्वभूमीच्या उजेडातील चढउतार) काढणे, रंग जुळवणे आणि अखेरीस स्ट्रेच (अंधारे तपशील उजळवणे), हा क्रम मोडू नये.

फ्लॅटच्या बाबतीत सर्वाधिक हयगय होते, असे आमचे मत आहे. दुर्बिणीच्या तोंडावर स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाचे दोन पदर सुरकुती न पडता ताणून बसवावेत, त्यावर टॅब्लेटचा पांढरा पडदा ठेवावा, आणि हिस्टोग्रामचा (उजेडाच्या वाटपाच्या आलेखाचा) उंचवटा ६५,५३५ च्या मापात साधारण ३०,००० च्या आसपास येईल इतके एक्सपोजर द्यावे. एक्सपोजर अगदी छोटे ठेवू नये, कारण अनेक पडद्यांचा व एलईडी पॅनलचा उजेड डोळ्यांना न जाणवेल इतक्या वेगाने लुकलुकत असतो आणि त्याचे पट्टे फ्लॅटमध्ये उतरतात. कापडाचा आणखी एक पदर वाढवून एक-दोन सेकंदांचे एक्सपोजर घेणे बरे. फोकस, फिल्टर आणि कॅमेऱ्याचा कोन यांना हात न लावता, सामान आवरण्यापूर्वीच हे काम उरकावे.

फ्लॅट बरोबर लागला की नाही, हे धुळीमुळे चित्रात उमटणाऱ्या कड्यांवरून (वर्तुळांवरून) कळते. फ्लॅट लावल्यावरही कडे काळे राहिले असेल, तर दुरुस्ती अपुरी पडली आहे व बहुधा फ्लॅटमधून त्यांचे स्वतःचे डार्क वजा झालेले नाहीत. कडे उजळ दिसत असेल आणि चित्राच्या कडाही उजळल्या असतील, तर दुरुस्ती प्रमाणाबाहेर झाली आहे. अशा वेळी मूळ फोटोंतून डार्क वजा झाले आहेत का, ते पाहावे. कडे एका बाजूने काळे व दुसऱ्या बाजूने उजळ, नाण्यावरील ठशासारखे उठून दिसत असेल, तर फोटो व फ्लॅट यांच्या दरम्यान कॅमेरा किंवा फिल्टर हललेला आहे. डार्कचे एक्सपोजर, गेन (संवेदनशीलता), ऑफसेट (आधारपातळी) व तापमान मूळ फोटोंशी जुळले पाहिजे. शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्याने वातानुकूलित खोलीत घेतलेले डार्क गच्चीवरच्या दमट, उकाड्याच्या रात्रीशी जुळत नाहीत.

आता शहराच्या उजेडाविषयी. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर मुंबईचे आकाश आठव्या-नवव्या पायरीवर येते, त्यामुळे येथील कच्च्या चित्रात ग्रेडियंट असणे हा दोष नसून नियम आहे. बोरिवलीच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातील एम ४२ हा तेजोमेघ टिपताना तो पूर्वेला असतो तेव्हा ठाण्याच्या दिशेचा उजाळा चित्राच्या एका बाजूस येतो, आणि त्याने याम्योत्तर वृत्त (आकाशातील उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडल्यावर माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक) उलटले की तोच उजाळा दुसऱ्या बाजूस जातो. स्टॅक केल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळून वेडेवाकडे डाग तयार होतात. अशा वेळी, वरील क्रमाला अपवाद म्हणून, प्रत्येक फोटोतून सरळ उताराचा साधा ग्रेडियंट स्टॅकिंगपूर्वी वजा करावा आणि उरलेला स्टॅकिंगनंतर काढावा. पूर्वी सोडियमच्या दिव्यांचा ५८९ नॅनोमीटरजवळचा प्रकाश अडवणारे फिल्टर बरेच कामी येत. मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पिवळ्या दिव्यांच्या जागी एलईडी आले तेव्हा शहरात त्यावरून वाद झाला होता. आकाश टिपणाऱ्यांच्या दृष्टीने खरी अडचण ही, की पांढऱ्या एलईडीचा प्रकाश संपूर्ण वर्णपटात पसरलेला असतो. दीर्घिका व तारकागुच्छ यांच्यासाठी ते जुने फिल्टर आम्ही आता सुचवत नाही. त्याऐवजी एखादी रात्र वांगणी-नेरळच्या बाजूला काढावी.

ग्रेडियंट काढण्यासाठी सिरिल व ग्रॅक्सपर्ट या मोफत प्रणाली पुरेशा आहेत. त्यांत पार्श्वभूमीचे नमुनाबिंदू निवडताना घाई करू नये. कृत्तिकांच्या चित्रात ताऱ्यांभोवतीच्या निळसर धुक्यावर बिंदू पडले, तर प्रणाली ते धुकेच पार्श्वभूमी समजून वजा करते. मग गुच्छाभोवती काळे वलय आणि चित्रभर मातकट झाक उरते. बिंदू थोडेच असावेत आणि ते स्वतः तपासावेत.

चित्र हिरवे दिसण्याने घाबरून जाऊ नये. रंगीत सेन्सरवर दर चार पिक्सेलांपैकी दोन हिरवे असतात, त्यामुळे रंग जुळवण्यापूर्वीचे चित्र हिरवट असणारच. तेजोमेघ गुलाबी-तांबड्याऐवजी निळा आला असेल, तर बेअर रचनेचा (सेन्सरवरील रंगीत पिक्सेलांच्या मांडणीचा) क्रम चुकीचा निवडला गेला आहे. चित्र करडे असून मोठे केल्यावर चौकटींची जाळी दिसत असेल, तर डीबेअर (त्या मांडणीवरून रंगीत चित्र तयार) करायचे राहून गेले आहे.

रंग डोळ्यांच्या अंदाजाने जुळवण्यापेक्षा फोटोमेट्रिक पद्धत वापरावी, जिच्यात चित्रातील ताऱ्यांची तुलना गाइआ उपग्रहाच्या नोंदींसारख्या तारासूचींशी केली जाते. ही क्रिया स्ट्रेचपूर्वीच करावी, आणि तिच्यासाठी दुर्बिणीचे नाभीय अंतर व पिक्सेलचा आकार अचूक भरावा. निकाल तपासायचा असेल, तर मृग नक्षत्राच्या विस्तृत चित्रात काक्षी (बीटलज्यूस) हा तारा तांबूस व राजन्य (रायजेल) निळसर-पांढरा दिसतो का, ते पाहावे. दोन्ही सारखेच पांढरे दिसत असतील, तर एक्सपोजर जास्त झाले आहे किंवा स्ट्रेच ताणला गेला आहे. उरलेला हिरवा रंग काढण्याची सोय जपून वापरावी, कारण एम २७ सारख्या ग्रहीय तेजोमेघात ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा निळसर-हिरवा प्रकाश अस्सल असतो.

ड्युअल-बँड फिल्टर फक्त हायड्रोजन-अल्फा, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटर, आणि हा ऑक्सिजनचा पट्टा यांनाच वाट देतो. त्यामुळे त्याच्या चित्राला नैसर्गिक रंग येत नाहीत आणि नेहमीची फोटोमेट्रिक पद्धतही तशीच लागू पडत नाही. ताऱ्यांचे रंग हवे असल्यास फिल्टर काढून थोडे फोटो वेगळे घ्यावेत. मूळ स्थितीतील डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढील फिल्टर हायड्रोजन-अल्फाचा मोठा भाग अडवतो; तेथे तेजोमेघ फिकट येणे स्वाभाविक आहे.

पार्श्वभूमी ठार काळी करू नये, कारण त्यात फिकट तपशील कायमचे जातात. ताऱ्यांभोवतीचे जांभळे वलय साध्या अक्रोमॅट (दोन भिंगे जोडलेल्या) दुर्बिणीत असतेच, तर क्षितिजाजवळच्या ताऱ्यांची एक कड तांबडी व दुसरी निळी दिसणे हा वातावरणाचा परिणाम आहे.

टोपण लावून घेतलेल्या, जुळत्या तापमानाच्या डार्कमध्ये दिसणारे पट्टे किंवा कोपऱ्यातील उजाळा वजा करूनही जात नसेल, तर मात्र कॅमेरा आमच्याकडे जरूर आणावा. येताना एक मूळ फोटो, एक डार्क आणि एक फ्लॅट कोणतीही प्रक्रिया न करता फिट्स किंवा रॉ स्वरूपात पेन ड्राइव्हवर घ्यावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जेपेगमध्ये आकुंचनामुळे पार्श्वभूमीचेच नुकसान झालेले असते, म्हणून त्यावरून निदान करणे आम्ही टाळतो.