रस्त्यांची जोडणी आणि नगरविस्तार (पुणे परिसर)

शहराच्या कडेला शेतजमिनीवर वस्ती पसरते तेव्हा तिथले रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात, यावरून त्या विस्ताराचे स्वरूप ओळखता येते. त्यासाठी प्रत्येक चौकात किती रस्ते मिळतात, किती रस्ते पुढे बंद होतात आणि दोन ठिकाणांमधल्या सरळ अंतरापेक्षा प्रत्यक्षात किती जास्त चालावे लागते, हे मोजतात. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल यांनी अशाच निकषांवर केलेला जगभरच्या रस्त्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ नंतरच्या वस्त्यांमधले रस्ते एकंदरीत अधिकाधिक तुटक होत गेले, असे त्यात दिसले. ही रचना मागाहून बदलणे फार अवघड असते. इमारत पाडून नवी बांधता येते, रस्ता मात्र सहसा जागचा हलत नाही.

पुण्यात या बदलाचे सगळे टप्पे एकाच शहरात पाहायला मिळतात. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतले बोळ अरुंद आहेत, पण बहुतेक बोळ पुढे कुठेतरी निघतात. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्ता गच्च भरला तरी पायी जाणाऱ्याला दुसरी वाट सापडते. त्यानंतर १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, नगररचना योजना झाली. अशा योजनेत अनेकांच्या जमिनी एकत्र धरतात, आधी रस्त्यांची जागा काढतात आणि मग प्रत्येकाला त्याचा अंतिम भूखंड परत देतात. रस्ता आधी आणि घर नंतर, हा क्रम इथे पाळला गेला.

पुढच्या विस्तारात तो क्रम उलटला. १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये आसपासची गावे महापालिकेत आली, पण त्यांतल्या अनेक गावांत हद्दवाढीआधीच इमारती उभ्या होत्या. एकेका सर्व्हे नंबरवर वेगळा बिल्डर, वेगळा लेआऊट. जुन्या पाणंदीचा किंवा गाडीवाटेचा ॲप्रोच रोड झाला आणि शेताच्या बांधावर सोसायटीची भिंत आली. शेजारच्या दोन सोसायट्यांमध्ये एकच भिंत असते, तरी एकीतून दुसरीत जायला मुख्य रस्त्यावर येऊन वळसा घालावा लागतो. हा वळसा सर्वांत जास्त छळतो तो पायी शाळेत जाणाऱ्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना. बससुद्धा आत शिरत नाही, कारण पलीकडे निघायला वाट नसते.

भूगोलानेही हातभार लावला आहे. सिंहगड रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण. एका बाजूला मुठा नदी, दुसऱ्या बाजूला कालवा आणि तळजाई-पर्वतीच्या टेकड्या. आनंदनगर, हिंगणे, वडगाव, धायरीच्या गल्ल्या शेवटी याच एका रस्त्यावर येऊन पडतात. पश्चिमेला कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्गाने वस्ती दुभंगली आहे. इकडून तिकडे जायला मोजकेच भुयारी मार्ग आणि पूल. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये कामाला जाणारी गर्दी वाकडच्या भूमकर चौकात अडकते, याला वाहनांच्या संख्येइतकेच पर्यायी रस्त्यांचे दुर्भिक्षही कारणीभूत आहे. लष्कराच्या आणि कॅन्टोन्मेंटच्या जमिनींमुळेही अनेक रस्ते मध्येच थांबतात.

मगरपट्टा सिटी हे वेगळे उदाहरण आहे. तिथे शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी मिळून सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, त्यामुळे आतले रस्ते एकसंध आखता आले. जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली असती तर हे जमणे कठीण होते. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने म्हाळुंगे-माण भागात नगररचना योजनेचा जुना मार्ग पुन्हा हाती घेतला, हे स्वागतार्ह आहे.

जिथे वस्ती होऊन गेली आहे तिथे महापालिकेपुढे ‘मिसिंग लिंक’ जोडण्याचे काम उरते. विकास आराखड्यात रस्ता दाखवलेला असतो, दोन्ही टोके तयार असतात आणि मधला थोडासा पट्टा भूसंपादनाअभावी रखडतो. जागामालकाला टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) नको, रोख मोबदला हवा असतो आणि दर वर्षी जमिनीचा भाव वाढत जातो. गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीविना छोटे तुकडे पाडून वसलेल्या, वस्त्यांमध्ये अडचण आणखी मोठी आहे. २००१ च्या कायद्याने गुंठा-दोन गुंठ्यांवरची घरे नियमित करण्याची सोय झाली, पण दोन घरांमधली चिंचोळी गल्ली रुंद करायची तर कुणाचे तरी घर कापावे लागते.