कॉर्डलेस फोन : घरातील वापर आणि आरोग्य

लाइनला जोडलेला बेस आणि हातात धरायचा हँडसेट यांच्यात तारेऐवजी रेडिओलहरींनी संभाषण वाहून नेणारा घरगुती दूरध्वनी. एरियल ओढून बोलायचे जुने संच मागे पडून आता डेक्ट या डिजिटल पद्धतीचे संच रूढ आहेत. युरोपात त्यांना १८८०–१९०० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा नेमून दिलेला आहे. तो मोबाइलच्या पट्ट्यांना लागूनच असल्याने मोबाइलबद्दलच्या शंका या फोनलाही येऊन चिकटल्या.

या लहरी अनायनकारी असतात, म्हणजे क्ष-किरणांप्रमाणे रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम एकच : पुरेशी शक्ती असल्यास ऊतक तापते. डेक्ट हँडसेट क्षणिक २५० मिलिवॅट शक्ती सोडतो, पण वेळेच्या दर चोवीस तुकड्यांपैकी एकाच तुकड्यात. त्यामुळे सरासरी सुमारे १० मिलिवॅट भरते. जुन्या जीएसएम (टू-जी) मोबाइलची सरासरी २५० मिलिवॅटपर्यंत जाई.

कर्करोगाचा प्रश्न मात्र बराच काळ रेंगाळला. स्वीडनमधील लेनार्ट हार्डेल यांच्या गटाला कॉर्डलेसचा दीर्घ वापर आणि मेंदूतील गाठी यांचा संबंध आढळला. इतरांना तो तसा दिसला नाही. मे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘२ ब’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हणून, ठेवले. हा गट पुराव्याच्या बळाविषयी बोलतो, धोक्याच्या आकाराविषयी नाही. बातम्यांत नेमका हाच फरक गळाला. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात कॉर्डलेसच्या वापराने मेंदूतील गाठींचा धोका वाढल्याचे दिसले नाही, मात्र कॉर्डलेसपुरता पुरावा तुटपुंजाच होता.

गोव्यात मोबाइल टॉवरला ग्रामसभांतून विरोध होतो, पण उशाशी ठेवलेल्या बेसकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते, आणि कानाला लावलेल्या संचापुढे दूरच्या टॉवरचा वाटा फारच थोडा असतो. साध्या डेक्टचा बेस बोलणे चालू नसतानाही क्षीण संकेत सोडत राहतो. ‘इको’ सोय असलेल्या काही संचांत तो थांबवता येतो. बेस बिछान्यापासून दूर ठेवणे आणि लांबलचक गप्पांसाठी स्पीकर लावणे एवढी खबरदारी पुरते. आखाती देशांतल्या मुलांशी तास-तासभर बोलणाऱ्या आईवडिलांना तर स्पीकर सोयीचाही पडतो. पेसमेकर असलेल्यांनी हँडसेट छातीवरच्या खिशात न ठेवता विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या दऱ्याखोऱ्यांत किंवा चिऱ्यांच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत हिशेब उलटाही होतो : रेंज कमी असली की मोबाइल आपली शक्ती वाढवतो, तेव्हा कॉर्डलेसच कमी मारा करणारा ठरू शकतो.

पावसाळ्यातला धोका लहरींपेक्षा ठोस आहे. वीज गेली की बेस बंद पडतो आणि चार्ज असलेला हँडसेटही मुका होतो. तांब्याच्या लाइनवरचा तारेचा साधा संच एक्स्चेंजच्या विजेवर चालतो. फायबर जोडणीत तीही सोय उरत नाही. मोडेम आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरवर नसतील, तर आजारी माणसासाठी लँडलाइनवरून ११२ लावता येत नाही.