हर्मासचा मेंढपाळ

हर्मासचा मेंढपाळ : दुसऱ्या शतकात रोममध्ये ग्रीक भाषेत लिहिलेला ख्रिस्ती ग्रंथ. बायबलबाहेरच्या आद्य ख्रिस्ती लेखनाला कितपत अधिकार होता, हे पाहायला याच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ग्रंथात ५ साक्षात्कार, १२ आज्ञा आणि १० रूपककथा आहेत. कथन करणारा हर्मास हा रोममध्ये रोदा नावाच्या स्त्रीला विकला गेलेला गुलाम. त्याला मंडळी (म्हणजे चर्च, ख्रिस्ती श्रद्धावंतांचा समुदाय) वृद्धेच्या रूपात दिसते आणि प्रत्येक भेटीत ती अधिक तरुण होत जाते. पाण्यावर या मंडळीचेच प्रतीक असलेला एक बुरूज उभा राहत असतो. त्यासाठी आणलेले पांढरे, गोल दगड मात्र बांधकामात बसत नाहीत. हे दगड म्हणजे श्रीमंत श्रद्धावंत. संपत्ती छाटल्याशिवाय ते उपयोगी पडत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर पाप घडले, तर पश्चात्तापाची आणखी एक संधी मिळते, हा ग्रंथाचा गाभा. वादही त्यावरूनच पेटला. कठोर पंथाकडे वळलेला आद्य ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने त्याला व्यभिचाऱ्यांचा मेंढपाळ ठरवले.

याउलट लियोंचा बिशप आयरेनियस यातले ‘देव एकच आहे’ हे वचन शास्त्रवचन म्हणूनच उद्धृत करतो. आद्य ख्रिस्ती विद्वान ओरिजेन याला हा ग्रंथ ईश्वरप्रेरित वाटे. मात्र सर्वांना तो मान्य नाही, याची त्याला जाणीव होती. मुरातोरी यादीत (नव्या करारातील मान्य पुस्तकांची ही एक प्राचीन यादी; तिच्या काळाबद्दल मतभेद आहेत) हर्मास हा रोमचा बिशप पायस याचा भाऊ असल्याचे म्हटले आहे. ग्रंथ अलीकडचा असल्यामुळे तो वाचावा, पण उपासनेत संदेष्टे वा प्रेषितांच्या लेखनाबरोबर लोकांपुढे वाचू नये, असा तिचा निवाडा. आक्षेप मजकुरावर नव्हता, काळावर होता.

इ.स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस याने एका पत्रात नव्या करारातील २७ पुस्तकांची यादी दिली. त्याच पत्रात दीक्षार्थींनी (बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांनी) वाचावयाच्या ग्रंथांत त्याने ‘मेंढपाळ’ घातला. ‘बायबलमध्ये नाही म्हणजे निषिद्ध’ ही आजची सरसकट समजूत त्याला चमत्कारिक वाटली असती. चौथ्या शतकातील सिनाय हस्तलिखितात (बायबलची एक ग्रीक प्रत) नव्या करारातील शेवटच्या प्रकटीकरण या पुस्तकानंतर बर्णबाचे पत्र (बायबलबाहेरचे एक आद्य ख्रिस्ती लेखन) व ‘मेंढपाळ’ आहेत. अर्थात एका बांधणीत आल्याने दोन्ही ग्रंथ प्रमाण मानले जात होते, असे सिद्ध होत नाही. इजिप्तमध्ये याची पपायरसवरील हस्तलिखिते मोठ्या संख्येने मिळाली आहेत. ग्रंथ मूळचा रोमचा. तरी बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम नोंदवतो की, ग्रीसमधील काही मंडळ्यांत तो जाहीरपणे वाचला जातो, लॅटिन भाषकांना मात्र तो जवळजवळ अपरिचित आहे.