केमोनं रक्त खरंच जळते का?

आपल्याकडे गावात कोणाची केमो सुरू झाली की पारावर पहिलं वाक्य ठरलेलं, "केमोनं रक्त जळते बापा." त्यात ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बऱ्याचदा देतात ते लालभडक औषध, डॉक्सोरुबिसिन, ते चढलं की दिवस-दोन दिवस लघवी लालसर होते आणि घरचे घाबरून नागपूरला फोन लावतात की रक्त जाऊन राह्यलं. ते रक्त नसते, औषधाचाच रंग असते. दोन दिवसांनंतरही लाल होत असेल तर मात्र डॉक्टरला सांगाच.

जळते म्हणणं अगदीच खोटं नाही, पण बहुतेक वेळा तयार लाल पेशी जळत नाहीत, नव्या बनणं मंदावते. हाडाच्या मगजात दर सेकंदाला साधारण 20 लाख लाल पेशी तयार होतात आणि केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवरच मार करते, मग ती कॅन्सरची आहे का मगजातली हे तिला समजत नाही. रक्तात आलेल्या लाल पेशीत केंद्रकच नसते, ती वाढत नाही की फुटून दोन होत नाही, म्हणून बरेचदा ती वाचते आणि आपले 120 दिवस काढते. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल जेमतेम एखादा दिवस टिकतात. म्हणजे बाजार बंद झाला तर भाजी दोन दिवसात संपते, कोठीतली ज्वारी महिनोनमहिने पुरते, तसं. म्हणून आठ-दहा दिवसात पांढऱ्या पेशी पडतात अन् हिमोग्लोबिन मात्र केमोच्या दोन-तीन सायकल म्हणजे फेऱ्यांनंतर हळूहळू उतरते. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचा त्रास आणखी वेगळा, ते किडनीला लागते, आणि मगजाला "लाल पेशी बनव" सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन किडनीतूनच येते. मग नुसतं बीट-डाळिंब खाऊन काय होणार?

तयार पेशी थेट फुटतात असंही होते, पण क्वचित. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानं कधी शरीर आपल्याच लाल पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवते. मायटोमायसिन किंवा जेमसायटाबिन या औषधांनं कधी बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यात अडकून पेशी फाटतात आणि मायक्रोस्कोपखाली टोकदार तुकडे दिसतात.

जी6पीडी हे लाल पेशीतलं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांनी तर जास्तच सांभाळावं. ब्लड कॅन्सरच्या केमोसोबत युरिक अॅसिड उतरवायला रॅसब्युरिकेज हे औषध देतात, त्या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, एन्झाइम नसलेली पेशी ते झेलू शकत नाही आणि काही तासांत पेशी फुटायला लागू शकतात. म्हणून आधी टेस्ट करतात. घरात मलेरियाच्या प्रायमाक्विननं कोणाला कावीळ झाली असेल, लघवी काळी झाली असेल, तर ते न विचारताच सांगून टाका.

आता उलटी गोष्ट पाहा. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटात सिकलसेलचे (लाल पेशी विळ्यासारखी वाकते त्या जन्मजात आजाराचे) पेशंट हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या खातात, ते मुळात कॅन्सरचंच औषध. तेही मगजाचं काम मंदावते, म्हणून रक्त तपासत राहावं लागते, पण सोबत बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते, त्यानं पेशी विळ्यासारखी वाकायची कमी होते. सिकलची पेशी 10-20 दिवसच जगते, या गोळीनं थोडी जास्त टिकते. गोळी सुरू असताना सीबीसी या रक्ततपासणीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, वाढलेलं दिसते, लॅबवाले त्यापुढं 'हाय' छापतात आणि घरचे घाबरतात, पण त्यात बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसते, उलट पेशंट गोळी नियमित खातो का ते डॉक्टर त्यावरूनच ताडतात.