बॅकअपचा फेरपालट : नेमका कोणता ‘काल’ जपायचा?

फेब्रुवारी २०११च्या अखेरीस जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांना आपल्या टपालपेट्या अचानक रिकाम्या झालेल्या दिसल्या. गूगल प्रत्येक संदेशाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरांमध्ये ठेवत असे. तरीही साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने शिरलेल्या एका दोषामुळे त्या खात्यांच्या सगळ्या प्रती गेल्या. संदेश परत मिळाले ते चुंबकीय टेपवरून, कारण यंत्रापासून अलग ठेवलेल्या टेपपर्यंत हा दोष पोहोचूच शकत नव्हता.

प्रत आणि बॅकअप यांतला फरक इथे स्पष्ट होतो. सतत जुळवून घेतली जाणारी प्रत ही नेहमी ‘आत्ता’ची असते, त्यामुळे मूळ फाइल बिघडली की तीही क्षणार्धात तितकीच बिघडते. बॅकअप असतो तो एका ठरावीक ‘तेव्हा’चा. पण टेप किंवा डिस्क मोजक्याच असतात आणि दिवस मात्र येतच राहतात, म्हणून कधी ना कधी जुन्या बॅकअपवर नवा लिहावाच लागतो. कोणत्या दिवशी कोणते माध्यम वापरायचे, म्हणजेच कोणता जुना दिवस पुसायचा, हे आधीच ठरवून ठेवणे म्हणजे फेरपालटाचे वेळापत्रक.

ते आखताना बहुतेक जण ‘बॅकअप किती वेळा घ्यायचा’ एवढाच विचार करतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : नुकसान झाल्यावर ते आपल्या लक्षात यायला किती काळ लागेल? चुकून पुसलेली फाइल दुपारपर्यंत आठवते; हिशेबाच्या तक्त्यातले बिघडलेले सूत्र मात्र वर्षअखेरीच्या तपासणीपर्यंत कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम, हाही प्रणालीत शिरल्यानंतर काही काळ गुपचूप बसून राहू शकतो. पाच टेप रोज एकामागून एक वापरल्या, तर आज बॅकअप घेतल्यावर हाती असलेला सर्वांत जुना दिवस फक्त चार दिवसांपूर्वीचा असतो, आणि सहा दिवसांनी कळलेल्या चुकीपुढे पाचही टेप सारख्याच निरुपयोगी ठरतात.

यावर ‘आजोबा-वडील-मुलगा’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत फार जुन्या काळापासून रूढ आहे. सोमवार ते गुरुवार अशा चार टेप ‘मुलगे’, त्या दर आठवड्याला पुन्हा वापरायच्या. शुक्रवारच्या चार टेप ‘वडील’, त्यांची पाळी साधारण महिन्याने येते. आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निघणाऱ्या बारा टेप ‘आजोबा’, त्या वर्षभर जपायच्या. एकूण टेप झाल्या वीस. याच वीस टेप कामाच्या दिवशी ओळीने वापरल्या असत्या, तर जेमतेम चार आठवडे मागे जाता आले असते. इथे वर्षभर मागे जाता येते. अर्थात किंमत मोजावी लागतेच. पाच तारखेला तयार झालेली आणि अठरा तारखेला पुसली गेलेली फाइल कोणत्याही मासिक टेपवर कधी उतरतच नाही, आणि चार महिन्यांनी तिची आठवण झाली तर आजोबांकडेही ती सापडत नाही.

गणिताची आवड असणाऱ्यांना दुसरी पद्धत अधिक भावेल. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हनोईचा मनोरा’ या, चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर नेण्याच्या, कोड्यात सर्वांत लहान चकती दर दुसऱ्या चालीला हलते, पुढची दर चौथ्या, त्यापुढची दर आठव्या. चकत्यांच्या जागी टेप ठेवल्या की वेळापत्रक तयार होते. पाच टेपना अ, ब, क, ड, इ म्हटले, तर सोळा दिवसांचा क्रम असा येतो : अ ब अ क अ ब अ ड अ ब अ क अ ब अ इ. एकतिसाव्या दिवशीचा बॅकअप झाल्यावर हाती ३१, ३०, २८, २४ आणि १६ या दिवसांच्या नोंदी असतात, म्हणजे नजीकचा भूतकाळ दाट आणि दूरचा विरळ. ही पद्धत पाच टेपमध्ये सोळा दिवस देते असे सर्रास सांगितले जाते, पण त्यात एक खोच आहे. बत्तिसाव्या दिवशी ‘इ’वर नवा बॅकअप लिहिला, की सर्वांत जुनी नोंद चोविसाव्या दिवसाची, म्हणजे केवळ आठ दिवसांपूर्वीची उरते. खात्रीने हाती असतात ते आठच दिवस. नियोजन त्या आकड्यावर करावे. शिवाय ‘अ’ टेप सोळा दिवसांत आठ वेळा वापरली जाते आणि ‘इ’ एकदाच, त्यामुळे झीजही विषम होते.

या पद्धतीत दर वेळी पूर्ण बॅकअप घेणे अपेक्षित असते आणि इथे वेळ आडवा येतो. एलटीओ या प्रचलित टेप-प्रकाराच्या आठव्या पिढीतल्या, म्हणजे एलटीओ-८ टेपवर १२ टेराबाइट माहिती मावते, पण सेकंदाला ३६० मेगाबाइट या पूर्ण वेगानेही ती भरायला सव्वानऊ तास लागतात. म्हणून अनेक ठिकाणी आठवड्यातून एकदा पूर्ण आणि रोज फक्त त्या दिवशीच्या बदलांचा बॅकअप घेतात. तेव्हा गुरुवारची स्थिती परत आणण्यासाठी पूर्ण टेप आणि त्यानंतरची प्रत्येक टेप लागते. मंगळवारची खराब निघाली, तर पुढच्या टेप जवळजवळ निरर्थक होतात. पूर्ण बॅकअपनंतरचे सगळे बदल रोज एकत्र नोंदवले, तर जागा जास्त लागते, पण परत आणताना दोनच टेप पुरतात. दोन्ही प्रकारांत पुसण्याचा निर्णय एकेका टेपचा नसून संपूर्ण साखळीचा असतो, ही गोष्ट वेळापत्रकात लिहूनच ठेवावी.

टेपची ने-आणही याच वेळापत्रकात यावी. दूरच्या जागी ठेवलेली टेप आधी परत आणून मग नवी पाठवली, तर मधल्या काही तासांत सर्व प्रती एकाच छताखाली येतात; म्हणून नवी तिकडे पोहोचल्यावरच जुनी हलवावी. अदलाबदलीपुरते माध्यम यंत्राला जोडावे, एरवी नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामरांचे कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. तेव्हा असे लक्षात आले, की रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने अपयशी ठरत होता आणि त्याची सूचना देणाऱ्या ईमेलही नाकारल्या जात होत्या. दुसऱ्या कामासाठी योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या प्रतीने त्यांना तारले. त्यामुळे पाळीच्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा : दर महिन्याला कोणतीही एक टेप उचलून तिच्यावरची माहिती वेगळ्या यंत्रावर परत आणून पाहण्याचा. ही निवड करताना ‘आजोबां’ना वगळू नये. एलटीओ-७पर्यंतचे टेपयंत्र आधीच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचू शकत असे. एलटीओ-८चे यंत्र मात्र एकच पिढी मागे जाते, त्यामुळे यंत्र बदलल्यावर कपाटातल्या सुस्थितीतल्या एलटीओ-६ टेपही त्याला वाचता येत नाहीत.