गावातला ट्रान्झिस्टर आणि त्याच्या पोटातला ट्रान्झिस्टर

विदर्भातल्या खेड्यांत जुन्या माणसांच्या तोंडी 'ट्रान्झिस्टर' हा शब्द अजूनही रेडिओ याच अर्थाने येतो. निंदणाच्या वेळी धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला, आकाशवाणी नागपूर ऐकवणारा तो संच आपल्या पोटातल्या, बोटाच्या पेराहूनही लहान भागाच्या नावाने ओळखला गेला. हे नामकरण मला अगदी योग्य वाटते, कारण वीज न पोहोचलेल्या गावात रेडिओ आला तो या भागामुळेच.

त्याआधीचे रेडिओ व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळ्यांवर चालत. 1906 मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी बनवलेल्या तीन ध्रुवांच्या व्हॉल्व्हमुळे क्षीण संकेत मोठा करता येऊ लागला. पण व्हॉल्व्हची तार सतत तापत ठेवावी लागे आणि इलेक्ट्रॉन ओढून घेण्यासाठी मोठा विद्युतदाब लागे. विजेविना चालणाऱ्या संचाला त्यासाठी बहुधा 90 व्होल्टची जड, महागडी बॅटरी जोडावी लागे, त्यामुळे तो एखाद्या सधन वाड्यापुरताच राहिला.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटेन यांनी डिसेंबर 1947 मध्ये जर्मेनियम या अर्धवाहकाच्या (धातूइतकी सहज वीज वाहून न नेणाऱ्या पदार्थाच्या) तुकड्यावर सोन्याची दोन टोके अगदी जवळजवळ टेकवून संकेत मोठा करून दाखवला. हा बिंदुस्पर्शी ट्रान्झिस्टर नाजूक होता. त्याच गटातील विल्यम शॉकली यांनी पुढच्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी 1948 मध्ये, सांध्यांच्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली आणि पुढे टिकली ती हीच रचना. शोधाची जाहीर घोषणा 30 जून 1948 रोजी झाली. नागपूरचे आकाशवाणी केंद्रही त्याच वर्षी सुरू झाले. तिघांना 1956 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सांध्यांच्या ट्रान्झिस्टरमध्ये अर्धवाहकाचे तीन थर असतात: एमिटर, बेस आणि कलेक्टर. एनपीएन प्रकारात (बाहेरच्या दोन थरांत मोकळे इलेक्ट्रॉन अधिक, मधल्या बेसमध्ये कमी) बेसला एमिटरपेक्षा थोडा अधिक दाब दिला (सिलिकॉनमध्ये सुमारे 0.6 ते 0.7 व्होल्ट) की एमिटरमधले इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात, बेस अतिशय पातळ असल्यामुळे त्यांतले फारच थोडे तिथे अडकतात आणि बाकीचे कलेक्टरकडे ओढले जातात. बेसमधला 1 मिलिअँपिअर प्रवाह कलेक्टरमधल्या 100 मिलिअँपिअर प्रवाहाचे नियंत्रण करू शकतो तो यामुळे. पाटाच्या तोंडाशी असलेली लहानशी फळी हलवून सगळे पाणी कमीजास्त करावे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की ही फळी सेकंदात लाखो वेळा हलते. पीएनपी प्रकारात इलेक्ट्रॉनांऐवजी त्यांच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, वाहतात आणि सेलचे धन-ऋण उलटे जोडावे लागते.

सुरुवातीच्या खिशातल्या रेडिओंत बहुतांशी जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर असत. विदर्भाच्या दृष्टीने जर्मेनियमचा दोष मोठा होता. तापमान वाढले की त्यातून नको असलेला गळती-प्रवाह झपाट्याने वाढतो, त्या प्रवाहाने ट्रान्झिस्टर आणखी तापतो, गळती आणखी वाढते. सावलीतही पारा 45 अंशांवर जाणाऱ्या वैशाखात, टिनाच्या छपराखाली, असा संच घोगरा होणे स्वाभाविकच होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गॉर्डन टील यांनी 1954 मध्ये सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सादर केला. सिलिकॉनमध्ये ही गळती हजारो पटींनी कमी असते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन होलपेक्षा वेगाने सरकतात, म्हणून त्याच्याबरोबर एनपीएनचे चलन वाढले.

दुसरी शाखा क्षेत्र-परिणामी, म्हणजे विद्युतक्षेत्राने प्रवाह आवरणाऱ्या, ट्रान्झिस्टरची. तिची कल्पना खरे तर सर्वांत जुनी. ज्युलियस लिलिएनफेल्ड यांनी 1925 मध्येच तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला होता, पण अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर अडकणारे इलेक्ट्रॉन तिला दीर्घकाळ दाद देईनात. बेल प्रयोगशाळेतच मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी 1959 मध्ये सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर वाढवून ही अडचण दूर केली आणि मॉसफेट अस्तित्वात आला. यात गेट नावाच्या टोकावरचा दाबच सोर्स आणि ड्रेन या दुसऱ्या दोन टोकांमधली वाट उघडतो किंवा मिटवतो. गेटमधून स्थिर अवस्थेत जवळजवळ प्रवाह जातच नाही. मोबाइलच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर दाटीने बसतात ते याच प्रकारचे.

मॉसफेटचे गेट आणि सांध्यांच्या ट्रान्झिस्टरची मोठा प्रवाह वाहण्याची क्षमता एकत्र आणणारा आयजीबीटी 1980 च्या दशकाच्या आरंभी विकसित झाला. त्यात मद्रासला जन्मलेल्या जयंत बालिगा यांचा मोठा वाटा होता. विहिरीवरच्या अनेक सौर कृषिपंपांच्या नियंत्रक पेटीत, पॅनेलची एकदिश वीज मोटारीसाठी प्रत्यावर्ती करण्याचे काम आज हाच ट्रान्झिस्टर करतो, आणि त्याच वैशाखाच्या उन्हात त्याला थंड ठेवण्यासाठी पेटीच्या पाठीवर ॲल्युमिनियमच्या पात्या बसवलेल्या असतात.